तर्री आधी

पहाटे साडेचारला भगोण्यात चणे उकळतात तेव्हा
मेडिकल चौकात मी असतो, एक रखवालदार,
आणि रात्रपाळी सुटलेल्या दोन नर्सबाई.

माझी शुगर समोरच्याच ओपीडीत सापडली.
रांगेतले अर्धे लोक
माझ्याच गाडीवर न्याहारी करून आले होते.

तिथली डायटिशियन, अश्लेषा खोब्रागडे,
वयानं माझ्या धाकटीएवढी पोट्टी,
म्हणाली, काका, साखर सोडली म्हणजे सुटलात असं नाही.
पोहे जिभेला गोड लागत नाहीत,
पण रक्ताला जीभ कुठे असते?

कागदावर तिनं दोन रेघा काढल्या.
एक सरसर चढून दाणकन आपटलेली,
दुसरी अंबाझरीच्या बांधासारखी, लांबट, कंटाळवाणी.
नुसत्या ग्लुकोजला शंभर धरायचं, म्हणाली,
बाकीच्यांचं माप त्याच्यावरून.
किती गोड ते नाही काका. किती घाईनं.

ग्लायसेमिक इंडेक्स.
घरी पोचेपर्यंत तीनदा विसरलो.
घाई तेवढी लक्षात राहिली.

घाई मला ओळखीची आहे.
बाप तांडापेठेत हातमागावर बसायचा.
गल्लीत पहिला पॉवरलूम खडखडला तेव्हा
पान थुंकून म्हणाला होता,
"धोटा पळते बाप्पा, पण सूत तुटून राहिलं न."
त्याच्या लुगड्यात गाठ शोधावी लागे.

देवकानं ऐकून घेतलं सगळं, बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी बोट टोचायचं मशीन घेऊन आली,
भिशीच्या पैशांतून.

सोमवारी नुसते पोहे. दोन तासांनी दोनशे चौदा.
मंगळवारी आधी वाटीभर चणे,
मग तेवढेच पोहे, मोजून, त्याच ताटलीत.
एकशे एकाहत्तर.
बुधवारी पुन्हा नुसते,
कारण माझा विश्वास बसेना.
दोनशे नऊ.
गुरुवारी देवका म्हणाली,
"आता काय बोटाची चाळणी करता?"

तीस वर्षं मी पोह्यांवर चण्याची तर्री ओततोय.
चवीसाठी. गिऱ्हाईक मागतं म्हणून.
ज्यानं पहिल्यांदा ओतली
त्याला कुठे कोणी रेघा काढून दाखवल्या होत्या?
रात्रीचे चणे उरले असतील त्याच्याकडे.

फार फुशारलो तेव्हा अश्लेषानं कान धरला.
तेलाचा तवंग कमी करा,
आकडा उतरला म्हणजे सगळं माफ नाही.
गोळ्या चालूच.
आणि टरबुजाचा आकडा ऐकून
कन्हानच्या रेतीतल्या फोडीही मी बंद केल्या होत्या,
तर हसली.
काका, एका फोडीत पाणीच जास्त.
गाडी किती जोरात येते ते पाहा,
पण तिच्यात माल किती आहे, तेही पाहा की.

साळा भोजराज सीताबर्डीवर रस काढतो,
एका ग्लासात चार संत्री, चोथा गायीला.
मी म्हटलं, आख्खं खाल्लं तर एकावर थांबतो माणूस.
तो म्हणाला, "भाटवा, माया धंद्यावर काहून उठले?"
चार दिवस फोन नाही.

काल एक शिकाऊ डॉक्टर आला,
डोळे लाल, गळ्यात स्टेथोस्कोप उलटा.
काका, पोहे. लवकर.
मी चण्याची वाटी पुढे सरकवली.
"हे काय?"
"आधी हे."
"घाई आहे हो."
"माहीत आहे."

उभ्यानंच चावत राहिला,
एका हातात वाटी, दुसऱ्या हातात फोन.
पोहे तयार होते.
मी कांदा चिरायला घेतला,
अगदी बारीक.